वारंवार बंद पडणारे अ‍ॅप : दोष कोठे शोधावा?

आजचा विद्यार्थी दप्तराइतकाच मोबाईलवर विसंबून असतो. गृहपाठाची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, शुल्काची पावती, वाण्याचे पैसे, ही सारी कामे त्या लहानशा यंत्रातील निरनिराळ्या अ‍ॅपकडून आपण करून घेतो. पुष्कळ घरांत असे यंत्र एकच असून त्यावर वडील माणसांचे व्यवहार व मुलांचा अभ्यास ही दोन्ही चालतात. अशा स्थितीत एखादे अ‍ॅप उघडताच मिटू लागले, म्हणजे मनुष्य गोंधळतो आणि सुचेल तो उपाय करीत सुटतो. कोणी ते अ‍ॅप काढून टाकतो, कोणी सारा फोन पुसून कोरा करतो. आणि मागाहून कळते की दोष भलतीकडेच होता, गमावली ती मात्र वर्षभराची टिपणे व घरच्या मंडळींची छायाचित्रे. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण अशा उपायांस तंतोतंत लागू पडते. म्हणून दोषाचे स्थान कसे ओळखावे आणि मग कोणत्या क्रमाने उपाय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम, अ‍ॅप बंद पडते म्हणजे काय होते ते पाहू. अ‍ॅप म्हणजे यंत्राने पाळावयाच्या आज्ञांची एक लांबलचक मालिका होय. तीत लिहिणाराने न कल्पिलेला प्रसंग आला, उदाहरणार्थ हवी असलेली फाईल जागेवर नसली, आणि तेव्हा काय करावे हे सांगितलेले नसले, म्हणजे अ‍ॅपला पुढे जाता येत नाही. मग सर्व अ‍ॅपवर देखरेख करणारी प्रणाली, म्हणजे अँड्रॉइड किंवा आयओएस, त्या अ‍ॅपला बाहेर काढते. ही शिक्षा नव्हे. एकाच्या घोटाळ्याने इतरांचे काम बिघडू नये एवढाच तिचा हेतू असतो.

दुसरे कारण जागेची टंचाई. फोनमध्ये जागा दोन प्रकारची असते. एक काम करण्याची, दुसरी साठवणीची. पहिली बाकासारखी, दुसरी कपाटासारखी. बाकावर एकाच वेळी दहा पुस्तके पसरली तर अकराव्यास ठाव राहत नाही. तद्वत कामाची जागा अपुरी पडली की प्रणाली काही अ‍ॅप मिटवून टाकते. कपाट गच्च भरले असेल, तर अ‍ॅपला आपली टिपणे ठेवण्यास कोपरा मिळत नाही आणि ते मध्येच कोसळते.

परंतु दोष नेहमी फोनच्या आतच असतो असे नाही. आमच्या शीवच्या वाचकांस हे समजावून सांगण्यास फार दूर जावे लागणार नाही. एखादी लोकल नादुरुस्त झाली तर ती एकटीच खोळंबते असे प्रथम वाटते. पण मुसळधार पावसात शीव व कुर्ला यांच्या दरम्यान रुळांवर पाणी साचले, म्हणजे सर्व गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. त्या वेळी गाडीचे डबे तपासून काय उपयोग? गाडी धडधाकट असते; बिघाड सर्वांच्या सामाईक मार्गात असतो.

असाच प्रसंग मार्च 2021 मध्ये जगभर घडला. 23 मार्चच्या सुमारास अनेक अँड्रॉइड फोनांवर जीमेल व इतर कित्येक अ‍ॅप उघडताच मिटू लागली. त्या काळी करोनाच्या साथीमुळे मुंबईतील मुलांचे वर्ग घरीच, मोबाईलवर भरत होते. तेव्हा यंत्र अडले की शाळाच अडली, अशी स्थिती होती. लोकांनी त्या त्या अ‍ॅपला दोष दिला. पण खरा दोष ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ या सामाईक घटकात होता. अ‍ॅपच्या आतल्या आत इंटरनेटवरील पान दाखविणे हे या घटकाचे काम. त्यावर विसंबलेली अ‍ॅप स्वतः निर्दोष असूनही कोसळली. पुढे गूगलने वेबव्ह्यू व क्रोम यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या दिल्या आणि त्या घेताच अडचण दूर झाली. अशा वेळी जीमेल काढून पुन्हा घालण्याने काहीच साधण्यासारखे नव्हते.

त्याच वर्षी 28 एप्रिल रोजी अठरा वर्षांवरील नागरिकांसाठी लसीकरणाची नोंदणी दुपारी 4 वाजता सुरू झाली, तेव्हा ‘कोविन’वर एकदम झुंबड उडाली आणि पुष्कळांची नोंदणी अडली. येथे फोनही ठीक होता व मार्गही. गर्दी पलीकडच्या खिडकीवर होती. अशा प्रसंगी थोडे थांबणे हाच उपाय.

तेव्हा उपायापूर्वी निदान हवे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात रुग्णाचा आधी केस पेपर निघतो. ताप केव्हापासून, घरात आणखी कोणास आहे काय, हे विचारल्यावाचून डॉक्टर औषध लिहीत नाहीत. फोनचाही असा केस पेपर मनात काढावा. एकच अ‍ॅप मिटते की अनेक? केव्हापासून, आणि त्याआधी काही नवे घातले होते काय? शेजाऱ्याच्या फोनवर तेच अ‍ॅप चालते काय? एकच मिटत असेल तर संशय त्या अ‍ॅपवर घ्यावा. अनेक मिटत असतील तर जागेच्या टंचाईवर किंवा सामाईक घटकावर. शेजाऱ्याकडेही तीच रड असेल तर दोष बहुधा आपल्या घरचा नव्हे. अ‍ॅप मिटत नाही, नुसतेच अडून बसते, तर इंटरनेटची जोडणी पाहावी.

उपायांचा क्रम असा ठेवावा की ज्यात नुकसान नाही ते आधी. पहिला, अ‍ॅप पूर्ण मिटवून फोन बंद करून पुन्हा सुरू करणे. दुसरा, साठवणीची जागा मोकळी करणे. रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांची चित्रे व चलच्चित्रे काढली तरी पुष्कळ भार हलका होतो. तिसरा, अ‍ॅपची व प्रणालीची नवी आवृत्ती घेणे. चौथा, अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅश’ करणे. याने केवळ तात्पुरता साठा जातो. मात्र त्याच्या शेजारचे ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ दाबल्यास अ‍ॅपने फोनमध्ये ठेवलेली माहितीही पुसली जाते, हा भेद विद्यार्थ्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. आयफोनवर ‘ऑफलोड अ‍ॅप’ केल्यास अ‍ॅप जाते पण त्यातील माहिती राहते. अ‍ॅप समूळ काढणे हा पाचवा उपाय, आणि फोन कोरा करणे अगदी अखेरचा. दोहोंपूर्वी महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलीच पाहिजे.

पालकांस एक विशेष सूचना. पैशांचे अ‍ॅप अडले म्हणजे घाईने इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधू नये. तेथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. ओटीपी अगर पिन कोणासही सांगू नये आणि परक्याच्या सांगण्यावरून नवे अ‍ॅप घालू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. अ‍ॅप गेले तर पुन्हा मिळते. पण कष्टाची मिळकत गेली तर ती परत येईलच असा भरवसा नसतो.

विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण आधी व अनुमान मागून असा पाठ घेतो. तो प्रयोगशाळेपुरताच नाही. हातातील यंत्र अडले असता जो विद्यार्थी क्षणभर थांबून ‘दोष कोठे?’ असा प्रश्न करतो, त्याचे यंत्र तर सुधारतेच, शिवाय घरच्या मंडळींच्या ठेव्याचेही रक्षण होते.