समुद्रात बुडवलं म्हणजे संपलं का?



गटाच्या बैठकीत कचऱ्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ओढ्यात टाकू नका, विहिरीत टाकू नका, हे पटलं. पण समुद्र तर एवढा अथांग! त्यात टाकलं तर काय बिघडतं?" प्रश्न रास्त आहे. आज आम्ही त्याचं उत्तर एका खऱ्या घटनेतून देणार आहोत. ही घटना आपल्या किनाऱ्यावरची नाही, युरोपातल्या बाल्टिक समुद्राची आहे. ऐंशी वर्षांपूर्वी तिथे विषारी शस्त्रं बुडवली गेली. ती ज्यांनी बुडवली ते केव्हाच गेले, पण तिथले मच्छीमार आजही जाळं वर ओढताना जपून ओढतात.

आधी रासायनिक शस्त्र म्हणजे काय ते पाहू. बंदुकीची गोळी लागते, बॉम्ब फुटतो, हे आपल्याला माहीत आहे. रासायनिक शस्त्रात बॉम्बच्या पोटात विष भरलेलं असतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ क्लोरीन वायू सोडला गेला आणि श्वास कोंडून सैनिक मेले. १९१७ साली मस्टर्ड गॅस आला. मस्टर्ड म्हणजे मोहरी. त्याचा वास काहीसा मोहरीसारखा किंवा लसणासारखा येतो म्हणून हे नाव पडलं. आपल्या फोडणीतल्या मोहरीशी त्याचा काही संबंध नाही. नावात गॅस असला तरी तो खरं तर तेलासारखा पातळ पदार्थ आहे. अंगावर पडला तर लगेच काही कळत नाही. काही तासांनी कातडी लाल होते, मोठे फोड येतात, डोळे सुजून बंद होतात, श्वासातून गेला तर छाती आतून भाजते. त्याच्यावर उतारा नाही. लगेच धुणं आणि जखमांवर उपचार करणं, एवढंच हातात असतं.

दुसरं एक विष म्हणजे टाबुन. याची हकीकत शेतकरी बायांनी नीट ऐकावी. १९३६ साली जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरच्या किडींसाठी औषध शोधत होता. त्यात त्याला असं रसायन सापडलं की ते किड्यांपेक्षा माणसालाच अधिक घातक ठरलं. लष्कराने ते ताब्यात घेतलं. आपण फवारतो त्या कीटकनाशकांपैकी काही याच कुळातली आहेत. ती टाबुनपेक्षा कितीतरी सौम्य असतात, पण काम त्याच रीतीने करतात, म्हणजे मज्जातंतूंवर. फवारणी करताना चक्कर येते, लाळ सुटते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती यामुळेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

आता समुद्राकडे वळू. १९२५ सालच्या जिनिव्हा करारात रासायनिक शस्त्रं वापरायला बंदी झाली, पण बनवायला आणि साठवायला नव्हती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात सगळ्याच मोठ्या देशांनी कोठारं भरून ठेवली. १९४५ साली जर्मनी हरला तेव्हा जिंकलेल्या देशांच्या हाती सुमारे ३ लाख टन रासायनिक दारूगोळा लागला. त्याचं करायचं काय? जाळून नष्ट करायचा तर तशी सोय हवी, पैसा हवा, वेळ हवा. सैन्याला काम लवकर उरकायचं होतं. समुद्र जवळ होता आणि फुकट होता.

नॉर्वे आणि डेन्मार्कच्या मधल्या समुद्रात तर दारूगोळ्याने भरलेली जहाजंच्या जहाजं बुडवली. बाल्टिक समुद्रात सुमारे ४० हजार टन दारूगोळा गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३२ हजार टन, डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाच्या पूर्वेला खोल भागात टाकला गेला. खोल म्हणजे किती? जास्तीत जास्त शंभर मीटरच्या आसपास. तेवढ्या खोलीवर मासेमारीची जाळी सहज पोचतात.

शिवाय सगळा माल ठरलेल्या जागी पडलाच नाही. जहाजावरच्या लोकांनी फेरी लवकर संपवायला वाटेतच काही माल फेकला. काही बॉम्ब लाकडी पेट्यांत होते. त्या पेट्या तरंगत दूर गेल्या आणि मग बुडाल्या. म्हणून नकाशावर ज्या जागा खुणा करून दाखवल्या आहेत, त्यांच्या बाहेरही हा माल सापडतो.

तुम्ही म्हणाल, समुद्राच्या एवढ्या पाण्यात विष विरून गेलं असेल. काही विषं खरंच विरली. टाबुन पाण्यात हळूहळू तुटतं. फॉसजीन नावाचा वायू तर पाण्याशी गाठ पडली की लवकर नाहीसा होतो. पण मस्टर्ड गॅसचं तसं नाही. आपल्या घरातलं खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं ना? तसा मस्टर्ड गॅस सुमारे १४ अंश सेल्सिअसला गोठतो. बाल्टिकच्या तळाचं पाणी वर्षभर त्याहून थंड असतं. मग बॉम्बचं लोखंड गंजून गेलं तरी आतलं विष गोळ्याच्या रूपात तसंच राहतं. कणीक मळून उघडी ठेवली तर वरून पापुद्रा धरतो आणि आतून ती मऊच राहते. या गोळ्यांचंही तसंच होतं. पाण्याने बाहेरचा थर कडक होतो आणि आतलं विष पाण्यापासून सुरक्षित राहतं. अशा गोळ्यांनी आजवर माणसं भाजली आहेत.

तिसरा प्रकार आर्सेनिक असलेल्या रसायनांचा. आर्सेनिक म्हणजे सोमल. आपल्या जुन्या माणसांना हे विष नावाने ठाऊक आहे. ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तळाच्या गाळाला चिकटून बसतात. त्यांचं रूप बदललं तरी आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते नाहीसं होत नाही. गाळात किडे, शिंपले राहतात, त्यांना मासे खातात. बाल्टिकच्या शास्त्रज्ञांना या जागांजवळच्या काही कॉड माशांत या रसायनांचे अंश अगदी थोड्या प्रमाणात सापडले आहेत. मासे खाणाऱ्यांना यातून असलेला धोका आज तरी कमी आहे असं त्यांचं मत आहे, पण लक्ष ठेवावं लागतं.

बाल्टिक समुद्राची ठेवणही लक्षात घ्या. चहूबाजूंनी जमीन आणि बाहेर पडायला अरुंद वाट, म्हणजे मोठ्या तलावासारखाच तो. त्याचं पाणी पुरतं बदलायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. नऊ देश त्याच्या काठाला आहेत. एकाने टाकलेलं दुसऱ्याच्या दारात येतं. गावच्या वरच्या अंगाला कुणी ओढ्यात घाण टाकली तर खालच्या वस्तीला ती भोगावी लागते, तसंच.

याचा सर्वांत जास्त त्रास कुणाला झाला? कोळी बांधवांना. तळाशी घासत जाणारं जाळं ओढलं की माशांबरोबर पिवळट-तपकिरी, मातीच्या ढेकळासारखा गोळा वर येतो. ओल्या हातांनी तो बाजूला केला जातो आणि संध्याकाळपर्यंत हात फोडांनी भरतात. १९९७ साली पोलंडच्या एका नौकेच्या जाळ्यात असाच गोळा आला आणि खलाशी भाजून दवाखान्यात पोचले. त्याआधी १९५५ साली पोलंडच्याच किनाऱ्यावर एक गंजलेलं पिंप वाहून आलं होतं. सुट्टीच्या शिबिराला आलेली मुलं त्याच्याशी खेळली. शंभराहून अधिक मुलांना इजा झाली, काहींचे डोळे गेले. मुलांचा काय दोष? युद्ध संपून दहा वर्षं झाली होती.

किनाऱ्यावर आणखी एक फसवा धोका आहे. बाल्टिकच्या वाळूत अंबर सापडतो, म्हणजे झाडाच्या डिंकाचा दगड झालेला मणी. दागिन्यांसाठी लोक तो वेचतात. पण आग लावणाऱ्या जुन्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरसही तसाच पिवळसर खड्यासारखा दिसतो. ओला असतो तोवर गप्प. खिशात ठेवला, वाळला, अंगाची ऊब लागली की पेट घेतो. म्हणून तिथे सांगितलं जातं, वेचलेला खडा खिशात ठेवू नका, पत्र्याच्या डबीत ठेवा.

लपवाछपवीने नुकसान कसं वाढतं याचंही एक उदाहरण आहे. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. इटलीच्या आघाडीवर तेव्हा आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. बंदरात जॉन हार्वे नावाच्या अमेरिकी जहाजात मस्टर्ड गॅसचे सुमारे २ हजार बॉम्ब गुपचूप आणलेले होते. जहाज फुटलं आणि विष तेलाबरोबर पाण्यावर पसरलं. पाण्यातून वाचवलेल्या खलाशांना तशाच ओल्या कपड्यांत घोंगड्यांनी गुंडाळून ठेवलं गेलं, कारण डॉक्टरांना विषाची कल्पनाच नव्हती. सहाशेहून अधिक सैनिक-खलाशांना बाधा झाली, त्यातले ८३ दवाखान्यात दगावले. बारी शहरातले किती गेले याचा हिशोब लागला नाही. वेळेवर एक शब्द कुणी सांगितला असता तर कपडे काढून, अंग धुऊन कितीतरी जीव वाचले असते.

मग हे सगळं बाहेर का काढत नाहीत? ऐंशी वर्षं गंजलेला बॉम्ब उचलताना तुटू शकतो आणि आतलं विष एकदम पसरू शकतं. काहींत स्फोटक अजून जिवंत आहे. शेकडो चौरस किलोमीटरचा तळ शोधायचा तर खर्च डोळे पांढरे करणारा. म्हणून बऱ्याच ठिकाणी हलवण्यापेक्षा नजर ठेवणं बरं, असं ठरलं आहे. समुद्राखालून वायूची नळी टाकताना किंवा पवनचक्क्या उभारताना मात्र आधी तळ तपासावा लागतो. टाकायला काही महिने लागले होते, निस्तरायला पिढ्या लागत आहेत.

डेन्मार्कने एक शहाणपणाची गोष्ट केली. जाळ्यात असा गोळा आला तर कोळ्याने कळवायचं. ती मासळी विकायची नाही, नष्ट करायची आणि तिची भरपाई सरकारने द्यायची. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. भरपाई नसती तर गरीब कोळ्याने गोळा गुपचूप पाण्यात ढकलला असता आणि मासळी बाजारात नेली असती. खरं बोलणाऱ्याच्या पोटावर पाय येणार नाही अशी सोय असेल, तरच माणसं खरं सांगतात.

कायदेही झाले. १९७२ च्या लंडन कराराने रासायनिक शस्त्रं समुद्रात टाकायला बंदी केली. १९९७ पासून लागू झालेल्या जागतिक कराराने ती बनवायला आणि बाळगायलाही बंदी घातली. आपल्या देशानेही आपला साठा जाहीर करून २००९ पर्यंत नष्ट केला. पण एक उणीव राहिली. १९८५ च्या आधी समुद्रात टाकलेला माल जाहीर करण्याची सक्ती त्या करारात नाही. म्हणजे बुडवलेलं विष कागदावरही बुडालेलंच राहिलं.

आता आपल्यापुरतं. बाल्टिकमधले गोळे वाहत कोकणात येणार नाहीत, घाबरायचं कारण नाही. पण मे २०२५ मध्ये केरळजवळ एक मालवाहू जहाज बुडालं. त्यात घातक रसायनांचेही कंटेनर होते आणि काही कंटेनर किनाऱ्याला लागले. म्हणून किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनी एवढं मुलांना शिकवाच. अनोळखी पिंप, डबा, नळकांडं दिसलं तर हात लावायचा नाही, उघडायचं नाही, भंगारात विकायला न्यायचं नाही. लांब उभं राहून इतरांना थांबवायचं आणि ११२ वर पोलिसांना किंवा १५५४ वर तटरक्षक दलाला कळवायचं. अंगाला काही लागलंच तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

आतल्या गावांतल्या मैत्रिणींसाठी कीटकनाशकांच्या बाटल्या. रिकामी बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. बाटलीला भोक पाडा, म्हणजे ती तेला-दुधाला कुणी वापरणार नाही. जाळू नका, ओढ्यात-विहिरीत टाकू नका. वेगळ्या पोत्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. गावभरच्या बाटल्या एकत्र गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची मागणी ग्रामसभेत आपण गट म्हणून करू या. एकटीचं कुणी ऐकत नाही, वीस जणींची सही असलेला अर्ज बाजूला सारता येत नाही.

तर, समुद्रात टाकलं तर काय बिघडतं? टाकणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते जाळं ओढणाऱ्याचं आणि किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांचं. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा आणि तुमच्या गावात अशी कोणती वस्तू कुठे टाकली जाते त्याची यादी करून आम्हाला पाठवा.