छिन शी हुआंगच्या तटाबाहेरची लेकरं

चीनच्या शिआन शहरातून पूर्वेला निघालं, की तासाभरात लिंतोंग लागतं. दक्षिणेला लिशान डोंगर, उत्तरेला वेई नदी आणि दोहोंच्या मधल्या मातीत डाळिंबाच्या बागा. या सपाटीवर झाडीने झाकलेलं एक टेकाड उभं आहे, सुमारे 50 मीटर उंच. ते निसर्गाने घडवलेलं नाही. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्या कबरीवर मजुरांनी टोपल्या-टोपल्यांनी रचलेली ही माती आहे. आतली कबर अजून कुणी उघडलेली नाही.

टेकाडाच्या पूर्वेला दीड किलोमीटरवर मातीच्या सैनिकांचे खड्डे आहेत. 1974 साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांचा पहिला तुकडा सापडला. आज जगभरातून लोक येतात ते या सैन्यासाठी. पहिल्या खड्ड्याच्या कठड्याला टेकून भराभर फोटो काढतात आणि बसमध्ये बसून शिआनला परततात. टेकाड आणि सैन्य यांच्या मधल्या पट्ट्यात शांगजिआव नावाचं खेडं आहे. तिथे मात्र सहसा कुणी उतरत नाही. या साऱ्या 56 चौरस किलोमीटरच्या परिसरात माणसाच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा मला तीच वाटते.

1976 साली इथे, स्मारकाच्या बाहेरच्या तटापासून साधारण 350 मीटरवर, एका ओळीत 17 कबरी आढळल्या. पुरातत्त्वज्ञांनी त्यांतल्या आठ उघडल्या. एका कबरीत सांगाडाच नव्हता, नुसती काशाची तलवार होती. उरलेल्या सात कबरींत पाच पुरुष आणि दोन स्त्रिया होत्या, बहुतेक जण वीस ते तीस वर्षांच्या वयाचे. शवपेट्या दुहेरी, म्हणजे मोठ्या घराण्यातल्या माणसाच्या. सोबत सोनं, चांदी, जेड, रेशीम आणि लाखेची भांडी होती. चांदीच्या एका छोट्या बेडकावर सम्राटाचा खासगी कारभार पाहणाऱ्या खात्याची अक्षरं कोरलेली होती. एवढ्या इतमामाने पुरलेल्या या देहांचे मात्र तुकडे होते. कुणाचं डोकं धडावेगळं, कुणाचे हातपाय सुटे. एका कवटीच्या कानशिलात बाणाचं काशाचं टोक रुतलेलं होतं. एका स्त्रीचा सांगाडा अखंड मिळाला, पण तिचा जबडा सरकलेला होता. तिचा गळा आवळला असावा, असं अभ्यासक मानतात.

ही माणसं कोण, याचं उत्तर शोधताना सिमा छ्येन या इतिहासकाराकडे जावं लागतं. सम्राटाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याने लिहिलेला वृत्तांत हाच आपला मुख्य आधार आहे.

छिन शी हुआंगला वीसहून अधिक मुलगे होते. मुली किती, हे नीट नोंदलेलं नाही आणि त्यांची नावं तर नाहीतच. इ. स. पू. 221 मध्ये सगळा चीन एका सत्तेखाली आणल्यावर त्याने फर्मान काढलं, की आपण पहिले सम्राट, आपल्यामागून दुसरा, मग तिसरा आणि असं दहा हजार पिढ्यांपर्यंत. थोरला मुलगा फूसू जरा स्पष्ट बोलणारा निघाला. विद्वानांना दिलेल्या कठोर शिक्षांबद्दल त्याने बापाला टोकलं, तेव्हा बापाने त्याला उत्तर सीमेवर सेनापती मंग त्यानकडे पाठवून दिलं. इ. स. पू. 210 मध्ये सम्राट दौऱ्यावर असताना वारला. जाओ गाओ हा दरबारी आणि प्रधान ली स यांनी मृत्यूची बातमी दाबून ठेवली. कुजणाऱ्या प्रेताचा वास लपवायला गाड्यांत खारवलेली मासळी भरली आणि वाटेतच खोटं आज्ञापत्र तयार केलं. फूसूला मरण आणि धाकट्या हूहायला गादी.

मंग त्यान फूसूला म्हणाला, खात्री तरी करून घ्या. फूसूचं म्हणणं, बाप मुलाला मर म्हणतो तिथे खात्री कसली करायची. त्याने जीव दिला. शानशी प्रांताच्या उत्तरेला स्वीद गावाच्या डोंगरावर त्याची समाधी दाखवतात.

गादीवर आलेल्या हूहायला भावंडांचीच भीती वाटू लागली. जाओ गाओने ती भीती चांगली पोसली. सिमा छ्येन सांगतो, की बारा राजपुत्रांना राजधानी श्यानयांगच्या बाजारात ठार केलं आणि दहा राजकन्यांना दू या ठिकाणी तुकडे करून मारलं. त्याच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात आकडे वेगळे येतात, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळवण्याच्या फंदात पडू नये. राजपुत्र जिआंगल्यू आणि त्याचे दोन भाऊ राजवाड्यात कोंडलेले होते. आपण दरबारी रीत कधी मोडली नाही, मग गुन्हा काय तेवढा सांगा, असं त्याने विचारलं. निरोप्या म्हणाला, मी फक्त हुकूम घेऊन आलोय. तिघांनी तलवारीने स्वतःला संपवलं.

गाओ नावाच्या राजपुत्राचा प्रसंग मला सगळ्यात भयंकर वाटतो. पळून जावं असं त्याच्या मनात आलं, पण मागे राहणाऱ्या बायकामुलांचं काय होईल, हा घोर होता. म्हणून त्यानेच अर्ज केला, की वडिलांसोबत जायला हवं होतं, लिशानच्या पायथ्याशी मला पुरावं. हूहाय खूश झाला. अर्ज मंजूर झाला, वर अंत्यविधीसाठी एक लाख नाणी मिळाली.

शांगजिआवच्या कबरींचं वर्णन या हकिगतीशी इतकं जुळतं, की बहुतेक अभ्यासक त्या राजपुत्र-राजकन्यांच्याच मानतात. तिथे दोन मुद्रा मिळाल्या, एकीवर ‘रोंग लू’ आणि दुसरीवर ‘यिन मान’ अशी नावं. यिन मान ही राजकन्या असेल, तर छिन शी हुआंगच्या मुलींपैकी एवढं एकच नाव आपल्यापर्यंत पोचलं आणि तेही ग्रंथातून नाही, मातीतून. अर्थात ‘राजपुत्र’ किंवा ‘राजकन्या’ असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. तटाच्या पश्चिमेला अलीकडे खोदलेल्या एका मोठ्या कबरीत सोन्या-चांदीचे चिमुकले उंट निघाले, तेव्हा ती गाओची असावी अशी चर्चा झाली. सिद्ध काही झालेलं नाही.

हूहायही टिकला नाही. इ. स. पू. 207 मध्ये जाओ गाओच्या जावयाने वाड्यात शिरून त्याला गाठलं. हूहाय घासाघीस करू लागला. एका प्रांताचा राजा करा; नाही, तर दहा हजार घरांची जहागीर द्या; तेही नाही, तर बायकोसह साधा माणूस म्हणून जगू द्या. काहीच मिळालं नाही, जीव द्यावा लागला. सामान्य माणसासारखं पुरलेल्या या दुसऱ्या सम्राटाची कबर शिआनच्या छूजिआंग भागात आहे, आता भोवती बाग केली आहे. त्याच्यानंतर घराण्यातला झीयिंग 46 दिवस राजा होता. त्याने जाओ गाओला मारलं, मग बंडखोरांचा नेता ल्यू बांग याच्यापुढे गळ्यात दोरी घालून शरण गेला. पाठोपाठ आलेल्या श्यांग यू या दुसऱ्या बंडखोर नेत्याने झीयिंगसकट राजघराणं कापून काढलं आणि वाडे पेटवले. दहा हजार पिढ्यांची गणती तिसऱ्यालाच थांबली.

पुढे जपानातल्या हाता घराण्याने आपण छिन शी हुआंगचे वंशज असल्याचं सांगितलं. क्योतोचं कोर्यूजी मंदिर याच घराण्याचं. मोठा पूर्वज सांगायची हौस कुणाला नसते? या दाव्यावर इतिहासकार फारसा विश्वास ठेवत नाहीत.

लिंतोंगच्या टेकाडाशेजारी उत्खननात मृत सम्राटाच्या सेवेसाठी बांधलेल्या दालनांचे पाये मिळाले आहेत. नैवेद्य रांधणाऱ्या खात्याचं नाव कोरलेली भांडीही मिळाली. चिनी रीतीप्रमाणे पूर्वजाला नैवेद्य दाखवायचा तो वंशजाने. इथे दाखवायला कुणी उरलं नव्हतं. इ. स. पू. 195 मध्ये हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाने या कबरीच्या राखणीसाठी वीस कुटुंबं नेमून दिली. हा सम्राट म्हणजे तोच ल्यू बांग. सम्राट होण्याआधी तो गावपातळीवरचा किरकोळ अधिकारी होता. याच कबरीच्या कामावर कैद्यांची टोळी पोचवायला निघाला असता वाटेत बरेच जण पळाले, तेव्हा उरलेल्यांनाही सोडून देऊन तो स्वतः फरार झाला होता.