ढाक्याची बातमी आणि आबाजींचा बगीचा

मोर्शीच्या आमच्या घरी सकाळचा पेपर आधी आबाजींचा. वय ८४, हातात भिंग, ओसरीतला पलंग. आपल्यासारखं हेडलाइन्स स्क्रोल करणं नाही, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचणार. आणि सगळ्यात आधी शोधणार काय, तर बांगलादेशची बातमी!

तुम्ही म्हणाल, ढाक्याशी आजोबांचं काय नातं? अहो, मोर्शी-वरुड म्हणजे संत्र्याचा पट्टा आणि इथल्या संत्र्याचं मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं किलोमागे २० रुपये आयातशुल्क लावलं. ते वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. बांधावर आम्हाला त्याच्या निम्माही भाव मिळत नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीनांना देश सोडावा लागला, तेव्हा माझ्या हिंजवडीच्या ऑफिसात कुणी चकार शब्द काढला नाही. आबाजींचा मात्र फोन आला, "गेली वं थे बाई! आता आपल्या मालाचं का होते त पाय."

२०२५ च्या दिवाळीत मी एक कामगिरी घेऊन मोर्शीला गेले. काकाला चार एकरांतला बगीचा तोडायचा होता. झाडं पंचवीस वर्षांची, काहींना डिंक्या लागलेला, ऐन हंगामात फळगळ. वरुड-मोर्शीतला भूजलाचा अतिउपसा सरकारी अहवालांत कधीचाच नोंदलाय, आमची बोअरही त्याच वाटेनं आटत चाललेली. काकाचं गणित सोपं होतं, झाडं तोडा आणि कापूस लावा. पण पहिल्या उन्हाळ्यात याच कलमांना आजीनं गुंडानं पाणी घातलेलं, आणि आजी जाऊन आता चार वर्षं झाली. आबाजींपुढे विषय काढायची घरात कुणाची टाप नव्हती. "तुझं ऐकतात ते," म्हणून बाबांनी मला पुढे केलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी ओसरीत बसून चक्क प्रेझेंटेशनच दिलं. पाणी, मजुरी, फवारणी, भाव, सगळं. आबाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग गादीखालून एक कात्रण काढलं. केंद्र सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं होतं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी!

"संत्र्यावर त्यायनं ड्युटी लावली, आपन मेलो. कापसावरची आपल्यायनं काढली, तरी आपनच मेलो. तुह्या काकाले सांग, पयले हे वाच, मंग कुऱ्हाड घे."

माझ्या प्रेझेंटेशनमध्ये हा मुद्दा नव्हता. कबूल करायलाच हवं.

पण आबाजी म्हणजे काही जाहिरातीतले गोड आजोबा नाहीत हं. जगाच्या बातम्या वाचतील, पण घरातल्या बाईला विचारणार नाहीत. काकू वीस वर्षं बगीच्याचा हिशेब ठेवतेय. निर्णयाच्या वेळी तिचं मत घेतलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. चहा घेऊन आली तेव्हा मीच म्हटलं, "काकू, तुला काय वाटतं?" तिनं एकदा आबाजींकडे बघितलं, आत गेली आणि वही घेऊन आली. "मामाजी, डिंक्या खालच्या दोन एकरांतच हाये. वरची झाडं अजून देतात." ओळीनिशी नोंदी होत्या! आबाजींनी वही भिंगाखाली धरली ती अर्धा तास. खालचे दोन एकर तोडायचे, तिथे पाण्याशिवाय निभेल अशी तूर, आणि वाचलेलं पाणी वरच्या झाडांना, असं ठरलं. काका जरा खट्टू झाला, पण गप्प बसला.

संध्याकाळी मी निघायची भाषा करीना, हे आबाजींच्या लक्षात आलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"आयटीतले पोरं काढून राह्यले म्हनते. तुह्या हपिसात का चालू हाये?"

माझा प्रोजेक्ट बंद पडला होता आणि मी दीड महिना बेंचवर होते. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आबाजींना खोटं सांगणं जमेना.

"मंग घरी काऊन नाही सांगतलं?"

"तुम्हाला उगाच टेन्शन नको म्हणून."

"मले बांगलादेशचं टेन्शन घेता येते, तुह्यं नाही घेता येत का वं?"

मग त्यांनी माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "लाव बापाले."

मी लावला.