गर्दीपासून दूर, पण घरापासून जवळ : नळदुर्ग, परंडा आणि नान्नजचा एक सफर

सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच चर्चा असते. यंदा कुठे? उत्तरंही ठरलेली असतात. चार-पाच नावं आहेत, तीच दरवर्षी फिरून येतात. दोन वर्षांपूर्वी आम्हीही अशाच एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. घाटात साडेचार तास गाडी जागची हलली नाही. माझी अम्मी सत्तरीची, गुडघे दुखतात, मागच्या सीटवर अवघडून बसलेली. वर पोचलो तर पॉइंटवर उभं राहायला जागा नाही. मुलांनी दोन फोटो काढले, मक्याचं कणीस खाल्लं आणि आम्ही उतरायला लागलो. घरी आल्यावर अम्मी एवढंच म्हणाली, "बेटा, पुढच्या वेळी मला घरीच राहू दे."

ते वाक्य मला लागलं. तिने आयुष्यभर प्रवास केला तो लग्नांसाठी, मयतीसाठी, नाहीतर कुणाच्या आजारपणासाठी. नुसतं बघायला, फिरायला म्हणून तिला कुणी नेलंच नव्हतं. आणि नेलं तेव्हा असं झालं.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही उलटा विचार केला. प्रसिद्ध जागा शोधायची नाही, शांत जागा शोधायची. आम्ही सोलापूरकर. नकाशा उघडला आणि लक्षात आलं, दोन-अडीच तासांच्या आत आपण न पाहिलेलं कितीतरी पडलं आहे. त्यातल्या तीन जागांची माहिती इथे देते.

या जागा शांत का राहिल्या?

कारण साधं आहे. इथे थंड हवा नाही, समुद्र नाही, सिनेमाचं शूटिंग नाही. परंड्याला तर रेल्वेही जात नाही. मराठवाड्याच्या सीमेवरचे हे किल्ले डोंगरी किल्ल्यांसारखे आभाळात चढलेले नाहीत, त्यामुळे ट्रेकिंगवाली पोरंही कमी येतात. पण हीच गोष्ट आपल्या कामाची आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं, बुरखा सांभाळत चालणाऱ्या बायका, अशा सगळ्या कुटुंबाला झेपेल असा किल्ला हवा असेल तर तो भुईकोटच.

नळदुर्ग : भिंतीच्या पोटातला महाल

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरहून साधारण तासाभरात नळदुर्ग येतं. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. एसटीनेही सहज जाता येतं, कारण उमरगा-हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने जातात.

किल्ला जुना आहे. पण आज दिसतो त्या मजबूत दगडी रूपात तो आणला विजापूरच्या आदिलशाहीने, सोळाव्या शतकात. खरं नवल मात्र पुढच्या सुलतानाचं. इब्राहिम आदिलशाह दुसरा, ज्याची कारकीर्द १५८० ते १६२७. संगीताचा एवढा शौकीन की 'किताब-ए-नवरस' हा ग्रंथ त्याने स्वतः दख्खनी भाषेत लिहिला. लोक त्याला 'जगद्गुरू' म्हणत. त्याच्या काळात, १६१३ मध्ये, इथे बोरी नदीवर बंधारा बांधला गेला आणि त्या बंधाऱ्यातच पाणी महाल.

मुलांना मी हे असं समजावलं. नदीच्या एका बाजूला मुख्य किल्ला, दुसऱ्या बाजूला रणमंडळ नावाचा छोटा कोट. दोन्हींना जोडणारी जाड दगडी भिंत नदीच्या पात्रात आडवी घातली. पाणी अडलं, किल्ल्याला पाणी मिळालं, आणि नदी ओलांडायला वाटही झाली. एका बांधकामात तीन कामं. आता पूर आला तर? अडवलेल्या पाण्याला वाट दिली नाही तर ते वाटेल तिथून उसळून भिंतच खाऊन टाकतं. म्हणून जादा पाणी पडायला ठरलेल्या दोन जागा ठेवल्या. त्यांना लोक 'नर' आणि 'मादी' म्हणतात. आणि त्या भिंतीच्या आत, पायऱ्या उतरून जायचं, तिथे महाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळत असतं आणि आत बसलेला माणूस झरोक्यातून ते बघतो, अंगावर थेंब न घेता.

चारशे वर्षं झाली. बोरी नदीने किती पूर आणले असतील! भिंत उभी आहे. मुलीने विचारलं, "तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेज होतं का?" मी म्हटलं, कॉलेज नव्हतं, पण शिकणारे आणि शिकवणारे होते.

किल्ल्यात नऊ पाकळ्यांसारखा नवबुरुज आहे. सगळ्यात उंच उपळी बुरुज, त्यावर मोठ्या तोफा आहेत. चढण उभी आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. इंग्रजांच्या काळात, १८५३ ते १८५७ या वर्षांत, कर्नल मेडोज टेलर हा अधिकारी इथे राहत होता. ठगांवरची प्रसिद्ध कादंबरी लिहिणारा तोच.

एक गोष्ट खरी सांगते. वरच्या अंगाचं कुरनूर धरण भरून वाहायला लागलं की नर-मादी धबधबे सुरू होतात आणि त्या दिवसांतल्या सुट्टीच्या दिवशी इथेही जत्रा भरते. धबधबाच बघायचा असेल तर आठवड्यातला मधला दिवस धरा. शांतता हवी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. धबधबा नसेल, पण हिरवळ असते, आणि महालात उभं राहून मान वर करायला निवांत वेळ मिळतो.

नान्नज : वाटेतलं माळरान

दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शी रस्त्याला लागलो. सोलापूरपासून अर्ध्या-पाऊण तासावर नान्नज. इथलं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी जाहीर झालं. पण माळढोक दिसेल या आशेने मुलांना नेऊ नका. हा पक्षी आता फार थोडा उरला आहे आणि हेही मुलांना सांगण्यासारखंच आहे. दिसतात ती काळविटं. गवताळ माळावर सकाळच्या उन्हात कळप उभा असतो. नर काळा, पिळदार शिंगांचा, माद्या पिवळसर तपकिरी.

फजरची नमाज पढून निघालात तर वेळ बरोबर जमते. ऊन चढलं की प्राणी आडोशाला जातात. आत जाण्यासाठी वन विभागाच्या नियमाप्रमाणेच जायचं, गाडीतला गाण्यांचा आवाज बंद, भडक कपडे नकोत. माझा धाकटा एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाही. तिथे त्याने स्वतःच सगळ्यांना "शूऽऽ" केलं.

परंडा : मलिक अंबरच्या पावलांचा किल्ला

नान्नजवरून वैराग, बार्शी आणि पुढे पाऊण तासात परंडा. हा सपाटीवरचा किल्ला, भोवती खंदक. आत शिरताना दरवाजे सरळ रेषेत नाहीत, वळणं घेत जावं लागतं. हत्तीला धावत येऊन दरवाजाला धडक देता येऊ नये म्हणून ही युक्ती. बांधकामाशी बहामनी राज्याचा वजीर महमूद गवानचं नाव जोडलं जातं.

इतिहासाच्या पुस्तकात मलिक अंबर आपण शिकतो. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा त्याने हार मानली नाही. मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवलं आणि दरबार मांडला तो इथे, परंड्यात. विजापूरला जी 'मलिक-ए-मैदान' तोफ आपण बघतो, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली जाईपर्यंत इथेच होती. आजही किल्ल्यात जुन्या तोफा आहेत. आतल्या मशिदीचे दगडी खांब थांबून बघण्यासारखे आहेत.

परंडा गावात ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे. आणि जवळच डोमगावला रामदास स्वामींचे शिष्य कल्याण स्वामी यांचा मठ. दोन्हीकडे माणसं शतकानुशतकं जातात. या मातीचा हाच स्वभाव आहे.

जाण्याआधीची तयारी

शांत जागेचा एक दुसरा अर्थही असतो : सोयी कमी. तो समजून निघालात तर त्रास होत नाही.

- तोशा घरून घ्या. किल्ल्याजवळ मनासारखं खायला मिळेलच असं नाही. आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी, उकडलेली अंडी, खजूर आणि कोरडे कबाब नेले होते. कडक भाकरी दोन दिवस आरामात टिकते. माणशी दोन लिटर पाणी वेगळं.
- स्वच्छतागृह. बायकांसाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न. नळदुर्ग, बार्शी अशा मोठ्या गावांत चांगलं हॉटेल बघून तिथेच उरकून घ्या. भिडस्तपणाने पाणी कमी पिऊ नका.
- नमाज. नळदुर्ग आणि परंडा दोन्ही गावांत मशिदी आहेत. किल्ल्यातली जुनी वास्तू संरक्षित असते, तिथे काही करण्याआधी चौकीदाराला विचारा.
- पाणी आणि कडे. बंधाऱ्यावर, पाण्याच्या काठावर शेवाळ असतं. मुलांचा हात सोडायचा नाही. सेल्फीसाठी कड्यावर नाहीच. नदीत उतरायचं नाही, तरुण पोरांनीसुद्धा.
- वेळ. दिवस मावळायच्या आत किल्ल्याबाहेर. एका दिवसात एकच किल्ला.
- कचरा. एक रिकामी पिशवी सोबत ठेवा. आपण नेलेलं आपणच परत आणायचं. भिंतींवर नावं कोरणं तर गुन्हाच आहे.

अम्मीचा धडा

नळदुर्गला अम्मी पाणी महालात उतरली नाही. बंधाऱ्यावर सावली बघून बसली. माझी मुलगी खाली गेली आणि मोबाईलवर तिथल्या फारसी शिलालेखाचा फोटो काढून आजीकडे घेऊन आली. मुलगी इंग्रजी शाळेत शिकते, तिला एक अक्षर लागत नव्हतं. मी उर्दू वाचते, पण त्या कोरीव अक्षरांपुढे मीही अडखळले. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली, बाकी मकतबमधलं. तिने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि बोट ठेवून एक-एक हर्फ जोडायला लागली. चार-पाच शब्द लागले, बाकी नाही. पण मुलगी तोंड उघडं ठेवून आजीकडे बघत होती.

त्या दिवसापासून ती रोज मगरिबनंतर आजीजवळ पंधरा मिनिटं अलिफ-बे गिरवते.

गर्दीच्या ठिकाणी हे झालं असतं का? मला नाही वाटत. तिथे मागचा माणूस धक्का देत असतो. आजीला चष्मा शोधायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ द्यायला जागा शांत लागते.

यंदाच्या सुट्टीत अम्मीने स्वतःच विचारलंय, "औसा किल्ला किती लांब आहे गं?" लातूरच्या अलीकडे आहे. इंशाअल्लाह, जाऊ.