उभं जहाज कोण पोसतं?

(कुरखेडा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज इथे येताना एका गृहस्थांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, कुरखेड्यात जहाजं कुठून आणली?" प्रश्न रास्त आहे. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण आपल्या सती नदीचं पाणी शेवटी वैनगंगेत जातं, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. पाणी तिकडे जातं, बाजारभाव तिकडून इकडे येतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आधी जहाजं का थांबतात ते सरळ समजून घेऊ आणि मग माझ्या प्रश्नाकडे येऊ. प्रश्न एवढाच, की त्या थांबण्याचा खर्च कोण सोसतं?

लंडनमध्ये बाल्टिक ड्राय इंडेक्स नावाचा एक आकडा रोज निघतो. लोहखनिज, कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांचं भाडं किती, ते त्यावरून कळतं. २० मे २००८ रोजी हा आकडा ११,७९३ होता. त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो ६६३ वर आला. म्हणजे मे महिन्यात जिथे शंभर रुपये भाडं होतं, तिथे डिसेंबरात सहा रुपयेसुद्धा उरले नाहीत. साडेसहा महिन्यांत!

असं का झालं? तीन कारणं लक्षात ठेवा. पहिलं, जहाज हवं म्हणून कोणी जहाज भाड्याने घेत नाही. पोलाद हवं असतं, म्हणून खनिज हवं, म्हणून जहाज. पोलादाची मागणी आटली, की शेवटच्या टोकाला असलेल्या जहाजाला सगळ्यात मोठा झटका बसतो. दुसरं, सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडाला. परदेशी व्यापारात विकणाऱ्याला बँकेची हमी लागते, तिला लेटर ऑफ क्रेडिट म्हणतात. ती हमी मिळेना. माल होता, गिऱ्हाईक होतं, जहाजही होतं, पण कागद नव्हता. तिसरं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. गेल्या वर्षीचा भाव बघून यंदा सगळ्यांनी तेच पेरलं, तर काढणीच्या वेळी काय होतं? जहाज बांधायला दोन-तीन वर्षं लागतात. तेजीत, २००७ मध्ये, दिलेल्या ऑर्डरींची जहाजं ऐन मंदीत पाण्यात उतरली.

आता मालकापुढे काय मार्ग असतात? मी आपल्या बैलाचं उदाहरण घेतो. रोवणीच्या दिवसांत बैलाला उसंत नसते. उन्हाळ्यात त्याला काम नाही, पण तो तणस खातोच. जहाजाचंही तसंच. ते उभं असलं तरी खलाशांचा पगार, विमा, देखभाल, बँकेचा हप्ता, काही चुकत नाही.

मग मालक आधी वेग कमी करतो. जहाजाचं इंधन वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतं. वेग दहा टक्के कमी केला, तर तासाला लागणारं इंधन सुमारे पाव भागाने कमी होतं. शिवाय प्रत्येक फेरीला जास्त दिवस लागतात, म्हणजे तेवढ्याच मालाला जास्त जहाजं पुरतात. २००८ नंतर मोठ्या कंपन्यांनी हेच केलं. तेवढ्याने भागलं नाही, तर नांगर टाकायचा. बघा, मराठीत शब्द एकच आहे. शेतात नांगर घातला की काम सुरू होतं आणि समुद्रात नांगर टाकला की काम थांबतं.

यातही दोन प्रकार आहेत. एकात थोडे खलाशी ठेवतात, यंत्रं अधूनमधून चालवतात, कारण भाडं वाढलं की लगेच निघायचं असतं. दुसऱ्यात यंत्रं पूर्ण बंद आणि जहाजावर राखणीपुरती चार माणसं. मग ते पुन्हा चालू करायला आठवडे, कधी महिने लागतात. २००९ मध्ये सिंगापूरजवळच्या समुद्रात अशी शेकडो जहाजं रिकामी उभी होती. आणि काहीच परवडेनासं झालं, की भंगारात काढायचं. आपल्याकडची त्यासाठीची जागा म्हणजे गुजरातमधलं अलंग.

एक खुलासा करतो. उभं जहाज दिसलं म्हणजे मंदीच, असं समजू नका. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या बाहेर शंभरावर जहाजं रांगेत होती. तिथे मागणी इतकी वाढली होती, की बंदराला माल उतरवून घेणं झेपेना. ते जहाज भरलेलं असतं. मंदीतलं जहाज रिकामं असतं, त्यामुळे पाण्याच्या बरंच वर दिसतं.

आणखी एक मार्ग आहे, तो पुस्तकात मार्ग म्हणून लिहिलेला नसतो. बैल मोकाट सोडून देणं. मालक फोन उचलत नाही, पगार थांबतो, डिझेल संपतं, पाणी संपतं. अशा जहाजांना टाकून दिलेली जहाजं म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर इंजिनाच्या खात्यात होता. एकदा त्याचा फोन आला. जहाज कित्येक आठवडे नांगरून उभं होतं आणि पगार बंद झाला होता. मी म्हटलं, "अरे, मग उतरून घरी ये." तो हसला. म्हणाला, "सर, रात्री शहराचे दिवे दिसतात. पण उतरता येत नाही." मला ते कळेना. मग त्याने समजावलं. नांगरलेलं जहाज वादळात सुटू शकतं, दुसऱ्यावर आदळू शकतं. म्हणून ठरावीक माणसं जहाजावर असलीच पाहिजेत, असा नियम असतो. बदली माणूस आल्याशिवाय बंदराचे अधिकारी सोडत नाहीत. बदली माणूस मालकाने पाठवायचा, आणि मालक तर गायब! शिवाय उतरलो तर थकलेला पगार बुडेल, ही भीती असतेच. तो सुखरूप घरी आला. पण त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

नियम सुरक्षेसाठी होता आणि योग्यही होता. पण त्याचा भार पडला तो थांबण्याचा निर्णय ज्याने घेतलाच नव्हता त्याच्यावर.

हे जगाला हळूहळू उमगलं. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. १८ जानेवारी २०१७ पासून त्यात दुरुस्ती लागू झाली. दोन महिने पगार दिला नाही, तर जहाज टाकून दिलं असं धरता येतं. आणि मालकाने आधीच अशी आर्थिक हमी काढून ठेवायची, की चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च त्यातून निघेल. आपला २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदाही आहे. जहाज अटकवून विकलं, तर त्यावरच्या सागरी हक्कांच्या दाव्यांत खलाशांच्या पगाराला पहिला क्रम आहे. तरीही खलाशांना असं टाकून देण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. मालक एका देशात, कंपनी दुसऱ्या, झेंडा तिसऱ्या देशाचा. दाद कोणाकडे मागायची?

मुंबईकरांनी अशी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. पनामाचा झेंडा असलेलं 'पवित' नावाचं छोटं तेलवाहू जहाज बिघडलं, ओमानजवळ खलाशांना वाचवून बाहेर काढलं आणि जहाज तसंच सोडून दिलं. ते कुणाच्या ध्यानात न येता वाहत वाहत ३१ जुलै २०११ ला जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. त्याचं कारण मंदी नव्हती, बिघाड होता. पण सोडून दिलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी दारात जाऊन लागते, हे तिथे दिसलं.

आता आपल्या जवळ येऊ. गोव्यात खाणीतलं खनिज ट्रकने नदीकाठी यायचं, तिथून बार्जमधून मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात आणि मग मोठ्या जहाजात. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून परवानगी दिली, मार्च २०१८ मध्ये ते पुन्हा थांबलं. तिथे कारण बाजार नव्हता, कायदा होता, आणि कायदा मोडून खाणी चालत असतील तर त्या थांबवायलाच हव्यात. पण मांडवीच्या काठी मी ओळीने बांधून ठेवलेल्या बार्ज पाहिल्या, तेव्हा तो विद्यार्थीच आठवला. बार्ज चालवणारा, ट्रकचा हप्ता भरणारा, गॅरेजवाला, चहावाला, यांना थांबताना कोणी विचारलं नव्हतं. सुरू करताना विचारलं होतं का?

म्हणून हे कुरखेड्यात सांगतोय. आपल्याच जिल्ह्यात, एटापल्लीकडे, सुरजागडचं लोहखनिज निघतं आहे. चांगलं की वाईट, ही आजची चर्चा नाही. पण लोखंडाच्या दोराने आपणही त्या बाजाराला बांधले गेलो आहोत. उद्या भाव पडला, तर इथलं चाकही थांबेल. आपली पोरं कर्ज काढून ट्रक घेतात, तेव्हा महिन्याला किती मिळेल ते विचारतात. गाडी चार महिने उभी राहिली तर हप्ता कोण भरेल, हे विचारत नाहीत. हा अपशकुन नाही, हिशेब आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हातात, थांबण्याच्या खर्चाची जबाबदारीही त्याच्याकडेच हवी. आणि ती आधीच, काम सुरू होताना, कागदावर यायला हवी. खलाशांना एवढी साधी गोष्ट कराराने मिळायला २०१७ साल उजाडलं. आपल्याला तेवढी वाट बघायची गरज नाही. उन्हाळ्यात बैलाला तणस कोण घालणार, हे चांगला शेतकरी धान चुरतानाच ठरवून ठेवतो.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.