बोनस : बक्षीस की वेतन?

चतुर्थी असो वा दिवाळी, सणाच्या तोंडावर बोनस हाती पडला तर कामगार त्याचे फारसे कौतुक करीत नाही. तो चुकला तर मात्र फाटकावर घोषणा सुरू होतात. मालकांना हा कृतघ्नपणा वाटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांना तो तसा वाटला नसता. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवरून त्यांनी १९५९ साली मांडले, की समाधान आणि असमाधान ही एकाच मापाची दोन टोके नव्हेत. वेतन, देखरेख, कामाची परिस्थिती बिघडली तर माणूस चिडतो. ती सुधारली म्हणून तो झटून काम करतोच असे नाही. त्यासाठी कामातील यश, त्याची दखल आणि जबाबदारी लागते.

मुंबईच्या गिरण्यांना याचा अनुभव आधीच आला होता. पहिल्या महायुद्धात नफा वाढला, बोनस सुरू झाला आणि काही वर्षे सलग मिळाला. १९२३ साठी मालकांनी तो नाकारताच १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा हक्क नसल्याचा निर्वाळा दिला. कायद्यापुरते ते बक्षीसच होते. चाळीतल्या हिशेबात मात्र ते केव्हाच वेतन झाले होते. १९६५ च्या बोनस कायद्याने हाच हिशेब मान्य केला. किमान बोनस आधी ४ टक्के आणि पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा ठरला. सर्वसाधारणपणे नफा असो वा नसो.