त्वचेखालची खड्यासारखी गाठ: घाबरू नका, पण फोडूही नका

मुलीची वेणी घालताना मानेवर किंवा कानापुढे वाटाण्याएवढी टणक गाठ तुमच्या हाताला लागते. दुखत नाही, पण आत खडा असल्यासारखी वाटते. मग मन थेट कॅन्सरपर्यंत जातं, नाहीतर चुना-गूळ लावून गाठ पिकण्याची वाट पाहिली जाते. दोन्ही नको.

गाठ कडक का होते?

केस तयार करणाऱ्या मुळाशी असलेल्या पेशींपासून पायलोमॅट्रिकोमा नावाची गाठ होते. १८८० मध्ये फ्रान्समध्ये मॅलहर्ब आणि शेनान्ते यांनी तिचं वर्णन केलं. गाठीतल्या पेशी मरतात आणि तिथे कॅल्शियम साचतं, म्हणून ती दगडासारखी लागते. रक्तातलं कॅल्शियम सहसा नॉर्मलच असतं, त्यामुळे मुलांचं दूध बंद करू नका. ही गाठ बहुधा लहान मुलं आणि तरुणांमध्ये दिसते. तिचा कॅन्सर होणं फारच दुर्मीळ आहे.

डॉक्टर कसं ओळखतात?

त्वचा ताणली की गाठीचे कोपरे तंबूसारखे उठून दिसतात. एक टोक दाबलं तर दुसरं वर येतं, अगदी सी-सॉसारखं. सोनोग्राफीत कॅल्शियम दिसू शकतं. सुईने केलेली तपासणी मात्र कधी कधी फसवते आणि साधी गाठ कॅन्सरसारखी भासते. म्हणून गाठ काढून तिची बायोप्सी करणं हाच पक्का मार्ग. पूर्ण काढली तर ती क्वचितच परत येते.

प्रत्येक गाठ तीच नसते

- मधोमध काळा ठिपका: बहुधा एपिडर्मॉइड सिस्ट.
- डोक्यावर गुळगुळीत, घरात आणखी कुणाला तशीच: ट्रायकिलेमल सिस्ट. तीही कडक होऊ शकते.
- मानेतली गाठ, सोबत ताप, वजन घटणं: टीबीची तपासणी हवीच.
- बाळाच्या नाकावर मधोमध जन्मापासून गाठ: हात लावू नका. तिचा धागा मेंदूपर्यंत गेलेला असू शकतो, म्हणून आधी स्कॅन करतात.

म्हैसूरमध्ये राहत असाल, तर मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या के. आर. रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवता येईल. गाठ भरभर वाढली, दुखू लागली किंवा फुटली तर लगेच जा. आणि काढलेली गाठ तपासणीला पाठवली ना, हे डॉक्टरांना नक्की विचारा. तो रिपोर्ट जपून ठेवा. घरच्यांची झोप त्यावरच अवलंबून असते!